सहावं घर

आजोबांच्या वस्तू वापरण्यात एक वेगळाच आनंद असतो. आपल्याकडे हा आनंद अडकित्ता, पानाचा डबा, फार तर किल्लीचं घड्याळ एवढ्यावर भागतो. अमेरिकेत काही गृहस्थ आजोबांच्या वेळचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावून भाजी आणायला जातात. का, तर स्वसंरक्षण!

जुनं ते सोनं, मान्य. पण १८७३ सालच्या 'कोल्ट सिंगल ॲक्शन'ची गंमत ऐका. त्याच्या चक्रात गोळ्यांची घरं सहा; पण जाणता माणूस भरतो पाचच. घोडा टेकतो ते घर रिकामं! कारण बेटं हातून पडलं आणि घोड्यावर आपटलं, तर चोर यायच्या आधीच मालकाच्या मांडीत गोळी. 'रुगर' कंपनीने आपल्या तसल्या रिव्हॉल्व्हरमध्ये यावर तोड काढली ती १९७३ साली.

म्हणजे परक्याच्या भीतीने हत्यार घ्यायचं आणि हत्याराच्या भीतीने एक घर मोकळं सोडायचं! हसू येतं खरं, पण त्या सगळ्या खटाटोपात शहाणपणाचं काम मला तेवढंच दिसतं. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत ही 'किमान शिल्लक'.

स्वतःचा जीव वाचवायचा हक्क कोण नाकारील? पण अंधारात मागून येणारा लुटारू की पत्ता विचारणारा पाहुणा, हे ठरवायला क्षणभर तरी मोकळा हवा ना? लोखंडात ती सोय झाली. भीतीचं मॉडेल मात्र अजून आदिमानवाच्याच वेळचं. तिथे सहाही घरं भरलेली, आणि घोडा टेकलेला!