मित्राच्या उशाशी उपकारस्तुती



आज प्रायश्चित्तकाळातील पाचवा रविवार. आजचे शुभवर्तमान (योहान ११:१-४५) बरेच मोठे आहे. ते उभ्याने ऐकताना आपल्या वयस्कर मंडळींचे पाय भरून येतात, हे मला वेदीजवळून दिसते. तरीही आज ते आखूड करून वाचायचे नाही असे मी ठरवले आहे, कारण ही एका आजारी मित्राची गोष्ट आहे.

बेथानी हे यरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटरवरचे गाव. अरबी भाषेत आजही ते लाजरसाच्याच नावाने ओळखले जाते. तिथून मार्था आणि मरिया ह्या बहिणी प्रभूला निरोप धाडतात. लवकर या, असे त्या म्हणत नाहीत. बरे करा, असेही नाही. तुमचा जिवलग आजारी आहे, एवढेच कळवतात.

मला असा निरोप गेल्या पावसाळ्यात आला. शाळेपासूनचा मित्र. मी सेमिनरीत निघालो तेव्हा माझी ट्रंक सायकलच्या कॅरियरला बांधून स्टेशनापर्यंत आणणारा. त्याला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता आणि परळला उपचार सुरू झाले होते. पहिल्यांदा त्याला भेटून परतताना गाडी भाईंदरची खाडी ओलांडत होती आणि माझ्या मनात आले, 'देवा, तुझे उपकार, मी धडधाकट आहे.' लगेच माझी मलाच लाज वाटली.

लाज का वाटावी? आभार तर देवाचेच मानले होते! पण मंदिरात पुढे उभा राहिलेला तो परुशीही देवाचे आभारच मानत होता (लूक १८:११). मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे उपकार, असा त्याचा हिशेब. 'बरे झाले, आपल्या घरात नाही,' असे आपण मनातल्या मनात म्हणतो तेव्हा आपण त्याच्याच शेजारी उभे असतो. गंमत अशी की, मूळ ग्रीक शुभवर्तमानात परुश्याच्या तोंडी आभाराचे जे शब्द आहेत, अगदी तेच लाजरसाच्या कबरेसमोर प्रभू येशूच्या तोंडी आहेत. 'एउखरिस्त' हा शब्दही त्याच मुळापासून आला. शब्द एकच, पण परुश्याचे डोळे कोरडे होते.

प्रभू आधी रडला, आभार त्यानंतर मानले. आणि तेही कधी, तर धोंड सरकवली होती पण लाजरस अजून बाहेर यायचा होता तेव्हा. ह्याच अध्यायात पुढे प्रभूला ठार मारण्याचा बेत ठरतो. त्याने आजाराबद्दल किंवा मरणाबद्दल आभार मानले नाहीत. पिता आपले ऐकतो, ह्याबद्दल मानले. संत पौलही थेस्सलनीकाकरांना प्रत्येक परिस्थितीत आभार माना असे सांगतो, प्रत्येक गोष्टीबद्दल माना असे सांगत नाही (१ थेस्स. ५:१८). कॅन्सरबद्दल कोणीही देवाचे आभार मानायचे नाहीत. आणि कृपा करून आजाऱ्याच्या घरी जाऊन 'देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो' असे बोलू नका. मार्थेने तर प्रभूला तोंडावर ऐकवले की, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. प्रभू तिच्यावर रागावला नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याची पत्नी त्याला गाळलेली पेज चमच्याने भरवत होती. अर्धी वाटी पेजेला अर्धा तास लागला. संपल्यावर तो म्हणाला, "अरे, आज सगळी गेली. देवाचे उपकार." मी जेवणापूर्वीची प्रार्थना किती घाईत उरकतो, ते तेव्हा आठवले. मग मी त्या ट्रंकेचा विषय काढला. इतक्या वर्षांत त्याबद्दल त्याचे आभार कधी मानलेच नव्हते. तो हसला. म्हणाला, "किल्ली माझ्याच खिशात राहिली होती. ती द्यायला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं, ते विसरलास वाटतं!" खरेच विसरलो होतो.

त्याने स्वतःहून रुग्णाभ्यंग मागितला. त्याची आई घाबरली. "फादर, एवढं झालंय का?" आपल्या धर्मग्रामातही अनेकांच्या मनात हीच भीती असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की, हे संस्कार केवळ अगदी मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही. गंभीर आजाराच्या सुरुवातीलाही तो घेता येतो, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी घेता येतो, आजार बळावल्यास पुन्हाही घेता येतो. मी त्याच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावले. तेच हात, ज्यांनी ट्रंकेची दोरी आवळली होती. त्याच्या आईने शेवटी स्वतःच 'आमेन' म्हटले.

आपल्या घरी, आळीत कोणी गंभीर आजारी असल्यास कृपया कळवा. शेवटच्या घटकेची वाट पाहू नका. आणि तोवर तुम्हीही त्यांच्या उशाशी जाऊन बसा. त्यांनी तुमच्यासाठी कधी काय केले, ते त्यांना ऐकू येईल असे सांगा.

माझा मित्र सध्या घरी आहे. आज शेवटच्या मिस्सानंतर मी त्याच्याकडे कोमुन्यो घेऊन जाणार आहे. पवित्र भाकरीचा अगदी लहान कण आणि चमचाभर पाणी. गिळायला त्याला वेळ लागतो. आम्ही सगळे थांबतो.