शिवणीतली माया

सुंदर पोशाखाची हौस श्रद्धावंताने धरावी काय, की तो केवळ देहाचा थाट समजून सोडून द्यावा? हा प्रश्न जुना आहे. तो पोशाख घरीच शिवावयाचा म्हटला, की त्याला दुसरा प्रश्न येऊन मिळतो. बाजारात सारे तयार मिळत असताना आठ-दहा संध्याकाळी सुईदोऱ्यात घालवणे शहाणपणाचे आहे काय?

वस्त्रांची चिंता करू नका, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आणि रानातील भूकमळांकडे लक्ष वेधले. परंतु दाखला दिला तो सौंदर्याचाच. शलमोनाच्या वैभवाहूनही त्या फुलांचा साज त्याला सरस वाटला. निषेध चिंतेचा आहे, सौंदर्याचा नव्हे. क्रुसाखाली शिपायांनी ज्यावर चिठ्ठ्या टाकल्या तो प्रभूचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सलग विणलेला होता, हे संत योहान आवर्जून नोंदवतो. ते वस्त्र फाडू नये, एवढे त्या कठोर शिपायांनाही कळले.

मग चिंता कोठे सुरू होते? आपल्या मुलीच्या झग्याचे मोल शेजारच्या मुलीच्या झग्यावरून ठरू लागते, तेथे. प्रथम कम्युनियनचा शुभ्र पोशाख आपल्याला बाप्तिस्म्याच्या शुभ्र वस्त्राची आठवण करून देतो. एका सकाळीपुरत्या त्या पोशाखासाठी एखाद्या कुटुंबाला उसनवारी करावी लागली, तर त्या शुभ्रतेचा अर्थच हरवतो.

घरी शिवणाऱ्याचे माप निराळे असते. कापड कापण्यापूर्वी ते बेतावे लागते. सुती असेल तर आधी भिजवून आटवून घ्यावे लागते, उभा धागा कोणता व आडवा कोणता हे पाहावे लागते. महागड्या सॅटीनला कात्री लावण्यापूर्वी जुन्या चादरीवर तोच झगा बेतून अंगाला लावून पाहणे हिताचे, कारण चाललेली कात्री मागे घेता येत नाही. आणि शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे : माया. बाजूंना इंचभर माया ठेवली व खालची दुमड रुंद धरली, की वाढत्या मुलीचा झगा पुढल्या वर्षी उसवून मोठा करता येतो. कारखान्यात हजारो नगांमागे इंचाइंचाचा हिशेब असतो. तेथे माया बेताचीच राहते. तो झगा कोणा एकीसाठी शिवलेला नसतो.

जुन्या करारातील हन्नाने आपला शमुवेल शिलो येथे परमेश्वराच्या सेवेस वाहिला. दरवर्षी यज्ञासाठी जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेत असे. मूल नजरेसमोर नाही, माप घ्यावयास अंग नाही. गेल्या वर्षीच्या खांद्यांत वर्षभराची वाढ मनानेच मिळवावयाची! डौल कापडाच्या किमतीत नसतो. जे अंगाला नीट बसते ते डौलदार दिसते, आणि नीट बसते तेच, जे त्या माणसाकडे लक्षपूर्वक पाहून शिवलेले असते.

मात्र यातही धोके आहेत. 'हा मी स्वतः शिवला' हा अभिमान किमतीच्या अभिमानाइतकाच पोकळ ठरू शकतो. शिवण हे घरातील बाईनेच, सारी कामे आटोपल्यावर, रात्री डोळे ताणून करावयाचे असे ठरले, तर ती माया नव्हे, वेठ होय. शिवणयंत्रावर मुलग्यानेही बसावयास हरकत नाही.

याहून गंभीर प्रश्न घराबाहेरचा आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मरण पावली. त्यांतील बहुतेक तयार कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले असतानाही त्यांना कामावर बोलावण्यात आले होते. १ मे रोजी पोप फ्रान्सिस यांनी महिना ३८ युरोंवर माणसे राबवण्याच्या या रीतीला गुलामगिरी म्हटले. आपण घरी एक झगा शिवल्याने त्या कामगारांचे काय भले होणार? थेट काहीच नाही. सर्वांनीच तयार कपडे टाकले तर त्यांची भाकरीच जाईल. पण ज्याने मुंढ्यात बाही बसवताना ती दोनदा उसवली आहे, त्याला एका वस्त्रात माणसाचे किती तास जातात हे कळते. मग दुकानातील नवलाचा स्वस्त झगा हाती घेताना त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, की हे तास कोणाचे आणि त्यांचे मोल कोणी बुडवले? सदसद्विवेक अशाच प्रश्नांनी जागा राहतो. असा माणूस कपडा सहजासहजी टाकूनही देत नाही. तो उसवतो, सांधतो, पुन्हा वापरतो.

यापो येथील टबीथा मरण पावली, तेव्हा तेथील विधवांनी रडत रडत संत पेत्राला तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवली. तिच्या सत्कृत्यांची साक्ष तिच्या शिवणीने दिली. स्वतःसाठी तिने काय शिवले, याचा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत नाही. आपल्या धर्मग्रामात ज्यांच्या हातात ही कला आहे, त्यांनी लेकीचा झगा अवश्य देखणा शिवावा. तिला तो आखूड झाला, की धुऊन, इस्त्री करून, बाजू उसवून दुसऱ्या एखाद्या मुलीच्या अंगाला बेतून द्यावा. आत माया राखलेली असेल, तर तो तिलाही बसेल.