आईचा रकाना

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पुढे गेलं की भिलार लागतं. स्ट्रॉबेरीमुळे हे गाव आधीपासून माहीत होतं. 4 मे 2017 रोजी ते पुस्तकांचं गाव झालं. तिथली पुस्तकं एखाद्या मोठ्या इमारतीत कुलपात ठेवलेली नाहीत, ती गावकऱ्यांच्या राहत्या घरांत आहेत. एका घरी कथा, दुसऱ्या घरी कविता, पलीकडे इतिहास, आणखी कुठे संतसाहित्य. येणाऱ्यानं आत यायचं, हवं ते पुस्तक काढायचं, पोटभर वाचायचं आणि जागेवर ठेवून निघायचं. घराला घर म्हणून चालू ठेवत त्यात पुस्तकांना जागा द्यायची, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

वाईतलं एक कुटुंब मे महिन्याच्या सुट्टीत तिथे जाऊन आलं. बाबा हायस्कुलात इतिहास शिकवायचे, आई पतसंस्थेत नोकरी करायची. ताई नववीत, धाकटा पाचवीत, आणि बाबांची आई, म्हणजे आजी. घाट उतरताना ताई म्हणाली, "बाबा, आपलं घर एक दिवस असं करू या ना. सगळ्यांनी नुसतं वाचायचं." बाबांनी ते मनावर घेतलं.

ऑक्टोबर उजाडला. डॉ. अब्दुल कलाम यांचा 15 ऑक्टोबर हा जन्मदिवस महाराष्ट्रात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. शाळेत त्या दिवशी मुलांना वाचायला बसवतात. बाबा म्हणाले, "शाळेत तासभर वाचून होतंय काय? आपण अख्खा दिवस वाचू." तारीख मधल्या वारी येत होती, म्हणून त्यानंतरचा रविवार धरला. सकाळी सात ते रात्री नऊ. नियम ताईनं लिहिले. फोन डब्यात. टीव्ही बंद. कुणी कुणाला हाक मारायची नाही. भिंतीवर चार्टपेपर लावला, त्यावर पाच रकाने आखले, आणि दुपारी व रात्री ज्यानं त्यानं आपली वाचलेली पानं त्यात लिहायची असं ठरलं.

शनिवारी संध्याकाळी सगळे वाचनालयात गेले. बाबांनी विश्वास पाटलांचं 'पानिपत' घेतलं, ताईनं व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', धाकट्यानं फास्टर फेणेची दोन पुस्तकं. आजीला वाचनालयाचं काही नको होतं. तिचा 'पांडवप्रताप' घरीच लाल फडक्यात बांधलेला होता. आई कपाटापुढे बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी तिनं लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली. शाळेत त्यातला एक धडा तिनं वाचला होता. सबंध पुस्तक वाचायचं, असं तेव्हापासून मनात होतं. तेवढं मात्र राहून गेलं होतं.

रविवारी सातला सगळे बसले. आईसुद्धा बसली, पुढच्या खोलीत खिडकीपाशी. पहिलं पान वाचून होतं ना होतं तोच दूधवाला आला. दूध तापवायला ठेवल्यावर त्याच्यापाशी उभं राहणं आलं. उभंच आहे तर चहा टाकला. चहा दिला तर धाकट्याला बिस्किटं हवी होती. पोहे भिजवले, कांदा चिरला, खाऊन झाल्यावर बशा उचलल्या. दुसरं पान उघडलं. दारावर गॅसवाला आला, सिलिंडर आत घ्यायला हवा होता. पाणी जायच्या आत कपडे मशीनला लावायचे होते. तिसरं पान. "आई, वाचतेयस ना? वाच वाच, फक्त माझा चष्मा कुठंय तेवढं सांग." "अगं, पाहुण्यांचा फोन येणार होता, तो घेशील का? माझा डब्यात आहे." एकही मागणी मोठी नव्हती. कुणी रागावलं नाही, कुणी हुकूम सोडला नाही. उलट प्रत्येकानं हलक्या आवाजात, वाचनात खंड पाडल्याबद्दल दिलगिरी दाखवून विचारलं. हाक मारायची नाही हा नियम सगळ्यांनी एकमेकांपुरता चोख पाळला होता. आईला हाक मारणं ही हाक आहे, हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुपारी साडेबाराला ताईनं स्केचपेन घेतलं. बाबा 143. ताई 88. धाकटा 112, त्याच्या पुस्तकांत चित्रं होती. आजीनं अध्याय सांगितले. मग ताई स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"आई, तुझी किती?"

"चार लिही."

"चार?" धाकटा आतून ओरडला. "आई, तू हरलीस!"

"हो रे," आई म्हणाली आणि कुकरची शिट्टी लावली.

आजीनं पोथी मिटली. ती कमी बोलणारी बाई होती, पण बोलायला लागली की सगळे ऐकायचे.

"आमच्या गावाला चातुर्मासात पांडवप्रताप लागायचा," ती म्हणाली. "चौसष्ट अध्याय. रोज रात्री एक. सगळ्या आळीत वाचता येणारे एकच, म्हातारे मास्तर. माझ्या आईला अक्षर ठाऊक नव्हतं. पण भीमाचं गदायुद्ध ती मला तोंडपाठ सांगायची. कशी? ऐकून. मास्तर आमच्या ओसरीवर येऊन बसायचे, पोथी मांडीवर घ्यायचे, आणि उघडायचे नाहीत. पुरुष जेवून कधीच आलेले असायचे. कुणी म्हणायचं, मास्तर, करा सुरू. मास्तर म्हणायचे, घासायची भांडी अजून वाजताहेत. शेवटची बाई पदराला हात पुशीत येऊन बसली, की मग पोथी उघडायची. रोज. चौसष्ट रात्री."

कुणी काही बोललं नाही.

"इथं सकाळी सातला पोथी उघडलीय," आजी बाबांकडे बघत म्हणाली. "आणि भांडी अजून वाजताहेत."

बाबा उठून आत गेले. त्यांना पहिल्यांदा सुचलं ते असं, की ताईनं ओट्याशी बसून आईचं पुस्तक मोठ्यानं वाचावं. आई पोळ्या करील आणि ऐकेल. ताई स्टूल ओढून बसली.

इथे पुस्तकाबद्दल थोडं सांगायला हवं. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 चा. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, रेव्हरंड ना. वा. टिळकांकडून, तीही सलग नाही, संसाराच्या ओढाताणीत जमेल तशी. त्या बाईनं उतारवयात मराठीतलं एक थोर आत्मचरित्र लिहिलं. त्याचा पहिला भाग 1934 मध्ये आला. सोवळ्याओवळ्याचं वेड घेतलेले वडील, घरातून न सांगता निघून जाणारे लहरी कवी पती, 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर उभा राहिलेला दुरावा, आणि पुढे स्वतःच्या विचारानं त्याच वाटेवर गेलेल्या लक्ष्मीबाई. एवढं सगळं भोगून त्यांच्या लिहिण्यात कडवटपणा नाही. त्यांचं वाक्य लेखी वाटतच नाही. समोर बसून बोलावं तसं ते येतं. म्हणून हे पुस्तक मोठ्यानं वाचलं की आणखी खुलतं. ज्यांनी ते मनातल्या मनातच वाचलं असेल त्यांनी एकदा घरात कुणाला तरी वाचून दाखवावं.

ताई वाचू लागली आणि पाचव्या मिनिटाला दोघी हसत होत्या. धाकटा फास्टर फेणे हातात घेऊनच दाराशी आला. बाबांनी पानिपतात खूण घातली आणि तेही उंबऱ्यावर टेकले. आजी आतून म्हणाली, "जरा जोरात वाच गं." पोळ्या संपेपर्यंत वाचन चाललं.

जेवताना बाबा समाधानानं म्हणाले, "हे छान जमलं. आता दुपारीही असंच करू."

आईनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "ऐकायला फार बरं वाटलं, ताई छान वाचते," ती म्हणाली. "पण वडिलांबद्दलचा तो भाग होता ना, तो झाल्यावर मला मागचं पान उलटून पुन्हा बघायचं होतं. हात कणकेत होते. एके ठिकाणी थांबून नुसतं बसावंसं वाटलं, तोवर ताई पुढे गेली होती." मग थोडं थांबून, "मला ते माझं माझं वाचायचंय."

तिनं आवाज चढवला नव्हता. तिची ही इच्छा घरात याआधी कुणी ऐकली नव्हती, कारण तिनं ती सांगितली नव्हती आणि कुणी विचारलीही नव्हती.

"तीनपासून नऊपर्यंत स्वयंपाकघर माझं," बाबा म्हणाले. "दारही माझं, फोनही माझा. तू मागच्या खोलीत बस."

आई मागच्या खोलीत गेली. पहिला अर्धा तास तिला काही वाचता आलं नाही. डोळे ओळींवरून जात होते, कान ओट्याकडे होते. दूध उतू जाईल का, नळ कुणी बंद केला का, बेल वाजली तर कुणी उठेल का. इतक्या वर्षांची राखण एका दुपारी सुटत नाही. एकदा ती उठून दारापर्यंत आली. आजीनं तिला बघितलं आणि हातानंच परत जा म्हणून खुणावलं. मग कधीतरी तिचा कान मिटला. पुढची पानं तिनं न मोजता उलटली.

बाहेर धाकट्यानं सवयीनं हाक मारली, "आई, माझा निळा..." आणि आजीनं भिंतीवरच्या चार्टकडे बोट दाखवलं. धाकटा गप्प बसून स्वतःच शोधायला लागला. निळा शर्ट दोरीवर वाळत होता. ताईनं कपड्यांच्या घड्या घातल्या. बाबांनी पिठल्यासाठी डाळीचं पीठ शोधताना सगळे डबे उघडले, पण विचारायला मागच्या खोलीत गेले नाहीत. पिठल्यात गुठळ्या राहिल्या, भात बरा झाला. 'पानिपत' दुपारी जिथे होतं तिथेच राहिलं. त्या संध्याकाळी बाबांना दोन गोष्टी कळल्या. आपण सकाळी सलग 143 पानं वाचू शकलो ते कुणामुळे, ही एक. आणि चहा-फोन-दार यांच्यामधल्या दहा-दहा मिनिटांत पुस्तक वाचता येत नाही, ही दुसरी. तोवर त्यांना वाटायचं, आवड असली की माणूस वेळ काढतोच. शाळेत मुलांना ते तसंच सांगायचे.

साडेआठला जेवायला आईला दोनदा बोलवावं लागलं. ती आली ती पुस्तकात बोट घालूनच. पान वाढलेलं होतं, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. टिळकांनी घरात कोणाकोणाला आणून ठेवलं आणि लक्ष्मीबाईंनी ते कसं निभावलं, हे ती सांगत सुटली. मध्येच आजीनं आपल्या मावशीची गोष्ट काढली. धाकट्यानं विचारलं, "त्या शाळेत गेल्या नाहीत तर पुस्तक कसं लिहिलं?" त्यावर बाबा, ताई आणि आई तिघंही एकदम बोलायला लागले. जेवणं आटोपायला दहा वाजले. रात्रीची पानं चार्टवर लिहायची कुणालाच आठवण राहिली नाही.

'स्मृतिचित्रे' आईनं दिवाळीच्या आत पुरं केलं. पुढच्या वर्षी पुन्हा तो रविवार ठरला, तेव्हा चार्ट बदलला होता. पानांचे रकाने काढून टाकले होते. त्यांच्या जागी सकाळचा चहा, नाश्ता, दार, फोन, दुपारचा स्वयंपाक, भांडी, रात्रीचा स्वयंपाक असं लिहून प्रत्येकापुढे एकेक नाव घातलं होतं. धाकट्याच्या वाट्याला दार आणि दूध आलं. आजीनं लसूण सोलून ठेवायचं आपणहून मागून घेतलं. दुपारच्या जेवणानंतरचा तासभर एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हेही ठरलं, आणि भांडी झाल्याशिवाय ते वाचन सुरू करायचं नाही, ही ओळ ताईनं लाल शाईनं लिहिली.

तुमच्या घरी असा दिवस करायचा असेल तर जरूर करा. 15 ऑक्टोबरची वाट पाहायचंही कारण नाही, कुठलाही रविवार चालेल. पुस्तकं गावच्या वाचनालयातून आणा, त्या निमित्तानं तिथलं सभासदत्वही चालू राहील. मात्र आदल्या रात्री, पुस्तकं निवडायच्या आधी, घरातले सगळे एकत्र बसा आणि उद्याचा स्वयंपाक कोण करणार, दार कोण उघडणार, ते नावं घालून लिहून काढा. आणि घरात जी व्यक्ती सगळ्यात कमी वाचते असं तुम्हाला वाटतं, तिला तेव्हाच विचारा, तुला कोणतं पुस्तक वाचायचं होतं?