शिरेतून दिलेले अन्न

आतडे निकामी असलेल्या अर्भकास उपाशी ठेवावे, की यकृत बिघडवू शकेल असे अन्न शिरेतून द्यावे? १९६८ साली फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी अशा बालकास शिरेतून पोसून वाढवता येते हे दाखवले. १९७१ साली अशाच अन्नावरील एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे यकृत बिघडल्याची नोंद झाली. तोंडावाटे काहीच न गेल्यास पित्त नीट वाहत नाही, यकृतात साचते आणि बाळ पिवळे पडते. शिरेतून दिलेले सोयाबीनचे तेलही त्यात भर घालते.

आमच्या चोपड्याची एखादी आई शिवोलीचा पूल ओलांडून बांबोळीस अशा बाळाच्या उशाशी बसली, तर शेजारीपाजारी म्हणतील, "औषधानेच घात केला." हे बोलणे आम्हांस अन्यायाचे वाटते, कारण त्या अन्नावाचून बाळ जगलेच नसते. पण "जीव तर वाचवला" म्हणून हात झटकणेही आम्हांस पटत नाही. वाचवणाऱ्याने यकृतावर डोळा ठेवावा, तेल कमी करावे, जमेल तेथे सलाईन काही तास थांबवावे. माशांच्या तेलाचा उपायही आहे. अमेरिकेत त्यास २०१८ साली मान्यता मिळाली. आणि आतडे सोसेल तेवढे, थेंबभर का होईना, आईचे दूध पोटात जावे. पित्त वाहते होण्यास त्याची मदत होते, आणि ते थेंब तिनेच आणायचे असतात.