जुन्या वास्तू कुणाच्या?

जुनी वास्तू जतन करावी की पाडावी, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अभियंत्याकडे किंवा नगरपालिकेकडे सोपवला जातो. भिंतीला तडे किती गेले आहेत, दुरुस्तीस खर्च किती येईल, त्या जागेवर गाळे बांधले तर भाडे किती मिळेल, एवढा हिशेब झाला की निर्णय झाला, असे आपण मानतो. हा हिशेब आवश्यकच आहे. परंतु त्याच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न राहून जातो. ही वास्तू मुळात कुणाची? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याची, की जी बांधताना ज्यांचा घाम गळला त्यांची, की जे अद्याप जन्मास यायचे आहेत त्यांची? हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, आणि म्हणून तो श्रद्धावंतांचाही आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आमच्या बुलढाणा जिल्ह्याइतके योग्य स्थळ क्वचितच मिळेल. बाहेरच्या माणसाला हा जिल्हा शेगावमुळे किंवा लोणारच्या सरोवरामुळे ठाऊक असतो. परंतु याच जिल्ह्यात लोणारला दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर आहे. मेहकरला १८८८ साली भूमीतून प्रकट झालेली शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती आहे. रोहिणखेडला १५८२ साली उभारलेली मशीद आहे. आणि सिंदखेडराजा येथे तर अवघे गावच इतिहासाच्या सावलीत नांदते आहे.

सिंदखेडराजा म्हणजे लखुजी जाधवरावांचे गाव. १२ जानेवारी १५९८ रोजी येथील राजवाड्यात जिजाऊंचा जन्म झाला. नागपूर-मुंबई रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या वाड्याचे भव्य प्रवेशद्वार आजही दिसते. गावात रंगमहाल आहे, काळाकोट आहे, नीलकंठेश्वराचे प्राचीन मंदिर आहे, शिल्पांनी नटलेली पुतळा बारव आहे. गावाबाहेर मोती तलाव आणि चांदणी तलाव आहेत. आणि लखुजीरावांची प्रचंड समाधी आहे. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यावर, निजामशाहीच्या दरबारात, लखुजीराव आणि त्यांचे पुत्र-पौत्र दग्याने मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेली ही वास्तू चार शतकांच्या उंबरठ्यावर आजही उभी आहे. दरवर्षी १२ जानेवारीला लाखो लोक या गावी जिजाऊंना वंदन करण्यासाठी येतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि हे गाव दूरच्या प्रवाशांच्याही हाकेच्या अंतरावर आले.

आता प्रश्न असा की, या साऱ्या दगडविटांचे मोल काय? सहज सुचणारे उत्तर म्हणजे पर्यटन. लोक येतील, हॉटेले चालतील, चार हातांना काम मिळेल. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. ज्या दिवशी पर्यटक दुसरीकडे वळतील त्या दिवशी वास्तूचे मोल संपले, असे मग म्हणावे लागेल. आईचे मोल तिच्या निवृत्तिवेतनावरून ठरवण्यासारखेच ते होईल. दुसरे उत्तर सौंदर्याचे. तेही खरे, परंतु प्रत्येक जुनी वास्तू सुंदर असतेच असे नाही. काळाकोटाच्या रांगड्या भिंती पाहून कुणी त्यांना नाजूक म्हणणार नाही. मग त्या जपाव्यात कशासाठी?

याचे उत्तर देण्याआधी जे आक्षेप घेतले जातात ते प्रामाणिकपणे ऐकले पाहिजेत. कारण ते पोटतिडकीने घेतलेले आहेत.

पहिला आक्षेप गरिबांचा. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहिली जाते, जेथे कर्जाच्या ओझ्याने शेतकऱ्याने आपला जीव दिल्याच्या वार्ता वाचाव्या लागतात, तेथे पडक्या वाड्यांवर पैसा खर्च करणे हे पाप नव्हे काय? ख्रिस्तसभेच्या परंपरेत या आक्षेपाला मोठे बळ आहे. तिसऱ्या शतकात रोमच्या अधिकाऱ्याने ख्रिस्तसभेची संपत्ती मागितली, तेव्हा संत लॉरेन्सने गोरगरिबांना त्याच्यापुढे उभे केले आणि हीच आमची संपत्ती असे सांगितले, अशी परंपरा आहे. पुढे चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी बंदिवानांची सुटका करण्यासाठी पवित्र पात्रे वितळवली. उपाशी माणूस आणि जुनी भिंत यांतून एकाचीच निवड करावयाची असेल, तर ख्रिस्ती माणसाला विचार करण्यासही वेळ लागू नये.

परंतु खरोखरच एकाचीच निवड करावयाची असते का? सिंदखेडराजाचा मोती तलावच पाहा. तो वारसा आहे, आणि तो पाण्याचा साठाही आहे. ज्यांनी तो बांधला त्यांनी त्याच्या भिंतीला देखणेपण दिले आणि त्याच भिंतीने पावसाचे पाणीही अडवले. त्यांच्या दृष्टीने उपयुक्तता आणि सौंदर्य यांत वैर नव्हते. बारवेचेही तसेच. आपल्या जिल्ह्यातील किती जुन्या विहिरी, बारवा आणि तलाव गाळाने व कचऱ्याने भरले आणि त्यानंतर आपण टँकरची वाट पाहू लागलो, याचा विचार करावा. तेथे वारशाची उपेक्षा आणि गरिबांची उपेक्षा या दोन गोष्टी नव्हत्या. ती एकच गोष्ट होती. शिवाय, जुनी वास्तू पाडून वाचलेला पैसा गरिबाच्या झोपडीपर्यंत पोहोचल्याचे उदाहरण शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. त्या जागी बहुधा व्यापारी संकुलच उभे राहते.

दुसरा आक्षेप अधिक तीक्ष्ण आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. वाडे राजांचे, कोट सरदारांचे. ज्यांच्या पूर्वजांना त्या वाड्याच्या देवडीपलीकडे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, ज्यांनी वेठीने दगड वाहिले, त्यांनी त्या वैभवाचा अभिमान का म्हणून बाळगावा? आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांचे पूर्वज अशाच कष्टकरी व बहिष्कृत समाजांतून आलेले आहेत. त्यांचा हा प्रश्न टाळून वारशाच्या गोष्टी करणे म्हणजे लबाडी होईल.

या प्रश्नाचा विचार करताना मला एका ग्रंथाची आठवण होते. जिजाऊंचे बालपण सिंदखेडास सरले त्याच काळात, इकडे गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स मराठीत आपले क्रिस्तपुराण रचीत होते. १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही मुद्रित प्रत आज उपलब्ध नाही. तरीही क्रिस्तपुराण जगले. कारण भाविकांनी घरोघरी त्याच्या नकला करून ठेवल्या होत्या आणि त्या हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा प्रसिद्ध करता आले. ग्रंथाचे असे असते. मूळ प्रत गेली तरी नक्कल उरते, आणि नकलेतही कवीचा शब्द शाबूत राहतो. वास्तूची नक्कल होत नाही. तशीच दुसरी इमारत उभारता येईल, पण तिच्यावर त्या हातांच्या छिन्नीचे घाव नसतील.

ते हात कुणाचे होते? राजाचे नाव बखरीत राहते, सनदेत राहते, वंशावळीत राहते. लखुजीरावांचा वाडा उद्या जमीनदोस्त झाला तरी त्यांचे नाव इतिहासातून पुसले जाणार नाही. परंतु ज्या पाथरवटाने तो दगड घडवला, ज्या वडाराने तो खाणीतून काढला, ज्या बाईने डोक्यावरून चुन्याच्या पाट्या वाहिल्या, त्यांच्या नावाची बखर कुणीच लिहिली नाही. त्यांना लिहिता येत नव्हते आणि त्यांच्याविषयी लिहावे असे कुणाला वाटले नाही. त्यांनी या जगात मागे ठेवलेली एकमेव खूण म्हणजे ती भिंत. ती पाडली की राजाचे फारसे काही जात नाही. जातो तो मजूर, आणि तो कायमचा जातो.

जून २०२४ मध्ये याचा प्रत्यय साऱ्या महाराष्ट्राला आला. लखुजीरावांच्या समाधीच्या संवर्धनाचे काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला परिसरात जमिनीखाली शेषशायी विष्णूची अप्रतिम मूर्ती सापडली. कित्येक शतके ती मातीखाली होती. ती घडवणाऱ्या शिल्पकाराचे नाव आपणांस ठाऊक नाही आणि बहुधा कधी कळणारही नाही. त्याचे कौशल्य मात्र त्या पाषाणात तसेच टिकून आहे. समाधीच्या दुरुस्तीऐवजी तेथे बुलडोझर फिरला असता, तर त्याचा हा एकमेव साक्षीदार मलब्यात गेला असता.

म्हणून कष्टकऱ्यांच्या वंशजांना माझे सांगणे असे की, तो वाडा राजाचा म्हणून जपू नका; आपल्या पणजोबाच्या पणजोबाच्या हातचे काम म्हणून जपा. आणि मुलांना तो दाखवताना वेठीची, अन्यायाचीही कथा सांगा. केवळ गौरवाची कथा सांगणारे स्मारक अर्धेच बोलते. वास्तू उभी असेल तर तिच्याविषयी वाद तरी घालता येतो. ती गेली की वादही संपतो आणि सत्यही.

तिसरा आक्षेप धर्माचा. मंदिर त्यांचे, मशीद त्यांची. आम्हां कॅथलिकांचा त्यांच्याशी काय संबंध? वसईच्या वाचकांना याचे उत्तर नाशिकला मिळेल. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चमधील अनेक घंटा मराठा सरदारांनी नेल्या आणि देवळांत बांधल्या. गोदाकाठच्या नारोशंकराच्या मंदिरातील सुप्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. ज्या घंटेने एकेकाळी ख्रिस्ती भाविकांना प्रार्थनेस बोलावले असेल, ती आज हिंदू बांधवांच्या श्रद्धेचा भाग झाली आहे. तिला पराभवाची खूण म्हणून पाहता येते. पण ज्यांनी ती वितळवून तोफ ओतली नाही, तिला देवळात मानाने टांगले, त्यांनीच ती आपल्यासाठीही जपली, हेही तितकेच खरे आहे. आपल्या पूर्वजांची वस्तू दुसऱ्याने जपली याचे ऋण मानावयाचे असेल, तर दुसऱ्याच्या पूर्वजांची वस्तू आपणही जपली पाहिजे. जेथे रोहिणखेडची मशीद, लोणारचे मंदिर आणि सिंदखेडचा वाडा एकाच जिल्ह्याच्या नकाशावर शेजारी नांदतात, तेथे मुलांना शेजारधर्म शिकवण्यासाठी वेगळे पाठ्यपुस्तक लागू नये.

याचा अर्थ दगडांची पूजा करावी असा मात्र नाही. यरुशलेमच्या मंदिराचे भव्य दगड पाहून शिष्य हरखले, तेव्हा प्रभू येशूने हे सारे कोसळेल असे त्यांना बजावले, आणि इ. स. ७० मध्ये ते कोसळले. परंतु त्याच प्रभूने त्या नगराच्या भावी विनाशाच्या विचाराने अश्रू ढाळले, हेही शुभवर्तमानात नोंदलेले आहे. जे नाशवंत आहे ते तुच्छ आहे, असे त्याने मानले नाही. ख्रिस्तसभाही दरवर्षी ९ नोव्हेंबरला रोममधील लॅटरन महामंदिराच्या समर्पणाचा सण साजरा करते. एका इमारतीसाठी उपासनेत एक दिवस राखून ठेवते. खरे मंदिर जिवंत माणसांचे, हे ती त्याच दिवशी आपल्याला सांगते, आणि तरीही इमारतीची आठवण ठेवते.

पाडण्याची किंमतही ख्रिस्तसभेने मोजलेली आहे. रोममधील संत पेत्राचे मूळ मंदिर सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळचे, सुमारे बारा शतके उभे असलेले. ते जीर्ण झाले होते. १५०६ साली पोप ज्युलियस दुसरे यांनी नव्या मंदिराची पायाभरणी केली आणि जुने पाडले गेले. आज जे उभे आहे त्याचे सौंदर्य अवर्णनीय आहे. परंतु त्याच्या खर्चासाठी जे मार्ग अवलंबिले गेले, त्यांतून उठलेल्या वादाने १५१७ नंतर पाश्चात्त्य ख्रिस्ती जग दुभंगले. भव्यतेच्या हव्यासापुढे विवेक मागे पडला की काय होते, त्याचा हा धडा आहे.

हा धडा आपल्या दाराशीच लागू पडतो. कौलारू चर्च लहान पडते म्हणून ते पाडून सिमेंटचे मोठे चर्च बांधण्याचा विचार आज अनेक धर्मग्रामांत होतो. कधी ते अपरिहार्य असते. भिंत धोकादायक असेल तर माणसांचा जीव आधी. पण निर्णयापूर्वी काही गोष्टी कराव्यात. जुन्या बांधकामाच्या जाणकाराला वास्तू दाखवावी. तिची मोजमापे, छायाचित्रे घ्यावीत. वृद्धांना बोलते करावे. वेदी, घंटा, बाप्तिस्म्याचे कुंड यांपैकी जे नव्या वास्तूत नेता येईल ते न्यावे. आणि नवे चर्च बांधाल तेव्हा देणगीदारांच्या संगमरवरी पाटीशेजारी गवंडी, सुतार व मजूर यांचीही नावे कोरावीत. चार शतकांपूर्वी जे झाले नाही ते आपल्या हातून आज होऊ शकते.

समाजाचेही एक कर्तव्य आहे. १९५८ च्या कायद्यानुसार जी स्मारके राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित आहेत, त्यांच्यापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते, असा दंडक २०१० च्या दुरुस्तीने घातला. हेतू योग्यच आहे. पण त्याचा भार कुणावर पडतो? स्मारकाशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या साध्या कुटुंबावर, ज्याला आपल्याच घराच्या दुरुस्तीसाठी परवान्याची वाट पाहावी लागते. वारसा साऱ्यांचा आणि त्रास मात्र शेजाऱ्याचा, हा न्याय नव्हे. जी वास्तू सर्वांची आहे, तिचा भारही सर्वांनी उचलला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज विचारवंत जॉन रस्किन यांनी जुन्या वास्तूंवर हयात पिढीची मालकी मानलीच नाही. त्या बांधणाऱ्यांच्या आणि पुढे येणाऱ्यांच्या, असे त्यांचे मत होते. ख्रिस्ती माणसाला हा विचार परका वाटू नये. संतांच्या सहभागितेवर आपला विश्वास आहे. मृतांशी आपले नाते तुटत नाही, असे आपण प्रत्येक मिस्साबलिदानात मानतो. मग त्यांच्या हातच्या कामाशी तरी ते का तुटावे? शेजारच्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू आपण विकत नाही, मोडतही नाही. ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत अशा माणसांनी आपल्याजवळ ठेवलेली ही ठेव आहे. ती मागायला ते येणार नाहीत. हिशेब मात्र ज्याच्याजवळ सर्वांची नावे लिहिलेली आहेत त्याला द्यावयाचा आहे.