मिनार वाकडा की नजर?

गेल्या वर्षी शाळेच्या सहलीबरोबर आम्ही दिल्लीला गेलो. कुतुबमिनाराच्या अगदी जवळ उभे राहून, मोबाइल वर तिरपा धरून फोटो काढला. मिनार मागे कलंडल्यासारखा दिसत होता. परतल्यावर एका विद्यार्थ्याने मोबाइलवरच तो ‘सरळ’ केला. दोन्ही कडा ओळंब्यात आणल्या. वर्गातून आवाज आला, ‘‘सर, हा तर पुलाचा खांब झाला!’’

पोर खरे बोलले. कॅमेरा वर कलला की इमारतीच्या समांतर कडा वर जाताना जवळ येतात. हा दोष इमारतीचा नव्हे, पाहणाऱ्याचा. पण ७२.५ मीटर उंचीच्या या मिनाराचा व्यास पायाशी १४.३ मीटर, तर माथ्याशी अवघा २.७ मीटर आहे. हा निमुळतेपणा कारागिरांनी घडवलेला. फोटोत दोन्ही मिसळले होते आणि आम्ही दोन्ही पुसून टाकले.

मग फोटो आला तसाच ठेवावा का? तोही खरा नव्हे. कॅमेरा कुठून आणि कसा धरायचा, हे माणूसच ठरवतो. अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये दाखवले, की डोळ्याला प्रकाश मिळतो, वस्तू केवढी, हे मन अंतराच्या अंदाजाने ठरवते. अंदाज चुकला की निवाडा चुकतो. म्हणून दुरुस्ती हवीच, पण तिची रीत आहे. आधी आपण मागे सरावे, कॅमेरा सरळ धरावा. तरीही कल राहिला, तर जी रेघ नक्की ओळंब्यात आहे, म्हणजे दाराची चौकट किंवा भिंतीचा कोपरा, तिच्यावरून चित्र सरळ करावे. ज्या कडेची खात्री नाही, तिला ओढू नये.

नोकरीच्या पहिल्या वर्षी पाचवीतला एक मुलगा डाव्या हाताने लिहायचा. वर्षभर आम्ही त्याचा पेन उजव्या हातात देत राहिलो. त्याचे अक्षर बिघडले. पुढे तो वर्गात बोलेनासा झाला. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. डावखुऱ्याच्या हाताखाली ओली शाई येतसुद्धा नाही. एवढी साधी गोष्ट आम्हांला तेव्हा दिसली नाही. त्याची घडण आम्ही दोष समजलो.

मिनाराचा मूळ फोटो मोबाइलमध्ये होता. तो पुन्हा काढून, कॅमेऱ्याचा कल तेवढा घालवून, आम्ही वर्गात लावला. त्या मुलाचे ते वर्ष मात्र परत आणता येत नाही.