कर्ज नाकारण्याची जबाबदारी

कर्ज देताना वित्तसंस्था जी जोखीम मोजते ती स्वतःच्या पैशाची असते: मुद्दल परत येईल का, तारण पुरेसे आहे का, थकबाकी किती वाढेल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये मान्य केलेल्या व्यवसाय व मानवी हक्कविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी दुसराही हिशेब मांडायला सांगितले. संस्थेच्या निर्णयामुळे माणसाच्या उपजीविकेला आणि प्रतिष्ठेला कोणता धोका पोचतो हे तिने आधी तपासावे, तो टाळावा आणि हानी झालीच तर दाद मागण्याची सोय ठेवावी. या अपेक्षेशी जोडली गेलेली यंत्रणा मात्र मोठ्या व्यवहारांसाठी आहे. धरणे, खाणी, वीजप्रकल्प यांना कर्ज देणाऱ्या बँकांनी २००३ पासून स्वेच्छेने स्वीकारलेली ‘इक्वेटर तत्त्वे’ प्रकल्पवित्तात किमान एक कोटी डॉलर खर्चाच्या प्रकल्पांना लागू होतात, तर ‘सेबी’ने २०२१ मध्ये आखलेला जबाबदारी व शाश्वतता अहवाल शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांपुरता आहे. बुलडाणा जिल्ह्यातील पीककर्ज पहिल्या चौकटीत येत नाही आणि ते देणारी जिल्हा बँक किंवा गावची सोसायटी दुसऱ्या चौकटीत येत नाही.

या जिल्ह्यात हक्कांना पोचणारा धोका कर्ज देण्याइतकाच ते न देण्यातही आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलडाणा होता. त्याच वर्षी खामगाव भागात सत्ताधारी पक्षाच्या आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध सावकारीची तक्रार नोंदवून घेण्यात मुख्यमंत्री कार्यालयाने हस्तक्षेप केला, आणि त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये राज्य सरकारला दहा लाख रुपयांचा दंड ठोठावला. बँकेच्या दारातून परतणारा शेतकरी कोणाच्या दारात जातो आणि तेथे कायदा त्याच्यापर्यंत पोचणे किती अवघड असते, हे अशा रीतीने न्यायालयीन निकालातच नोंदले गेले होते.

ही पार्श्वभूमी असताना बुलडाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ३१ मार्च २०१२ च्या मुदतीत रिझर्व्ह बँकेच्या परवान्याचे निकष पूर्ण करू शकली नाही. ठेवीदारांच्या पैशाचे रक्षण करणे हे नियामकाचे कर्तव्यच आहे, आणि डबघाईला आलेल्या बँकेला कर्जवाटप करू द्यावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु देशातील अशा २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना केंद्राने मंजूर केली ती नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे मुदत संपल्यानंतरचे तीन खरीप हंगाम उलटल्यावर. एखाद्या व्यवहारातून अंग काढून घेताना त्याचे माणसांवर होणारे परिणामही विचारात घ्यावेत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ताळेबंद सावरण्याचा निर्णय आणि सभासदांना पर्यायी पीककर्ज मिळवून देण्याची व्यवस्था एकाच वेळी व्हायला हवी, हा त्याचा व्यवहारातला अर्थ होय.

बँक कर्ज देते तेथेही प्रश्न संपत नाही. जून २०१८ मध्ये मलकापूर तालुक्यातील दाताळा येथे एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखाधिकाऱ्याने पीककर्जाच्या बदल्यात शेतकरी कुटुंबातील स्त्रीकडे शरीरसुखाची मागणी केल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. ही एका व्यक्तीची विकृती मानून प्रकरण मिटवणे सोपे आहे. मात्र गाव ज्या शाखेला दत्तक दिलेले असते तिच्याकडेच शेतकऱ्याला जावे लागते, कर्ज नाकारल्याचे कारण बहुधा तोंडीच सांगितले जाते आणि पेरणी थांबत नाही, तेव्हा कर्ज मंजूर करणाऱ्याच्या हाती येणारी सत्ता ही संस्थेच्या रचनेतून निर्माण झालेली असते. तिच्या गैरवापराची शक्यता धरून चालणे हे संस्थेचेच काम आहे.

वसुलीच्या बाबतीत हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने काही प्रमाणात मान्य केले आहे. सूक्ष्मवित्त कर्जांसाठीच्या २०२२ च्या निर्देशांनुसार कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये आणि सकाळी नऊपूर्वी वा सायंकाळी सहानंतर कर्जदाराला वसुलीसाठी फोन करू नये, असे बंधन आहे. वसुलीला जी मर्यादा घालता येते ती नकारालाही घालता येईल. नकाराचे कारण ठरावीक दिवसांत लेखी मिळावे, तक्रार शाखेबाहेरच्या अधिकाऱ्याने ऐकावी आणि दत्तक शाखेने नाकारलेला अर्ज दुसऱ्या बँकेकडे नेण्याची मुभा असावी, या तीन गोष्टींना मोठे भांडवल लागत नाही. त्यांच्यामुळे प्रत्येक अर्ज मंजूर होणार नाही, परंतु नाकारलेल्या अर्जाची नोंद राहील. आणि अशी नोंद ठेवणाऱ्या संस्थेलाच आपल्या निर्णयाने कोणाचे काय झाले याचे उत्तर देता येईल.